माथ्यावरचं रान आणि खांद्यावरचं ओझं



आजचा विषय जाहीर झाल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता माथेरानवर काय बोलणार? ते तर सहलीचं ठिकाण." मी त्याला म्हटलं, अरे, सहलीच्या ठिकाणालाही इतिहास असतो. आणि माथेरानच्या इतिहासात एक प्रश्न असा आहे, की जो मला माझ्या विषयातल्या कुठल्याही मोठ्या ग्रंथाइतकाच अवघड वाटतो. प्रश्न साधा आहे. आपण निसर्ग बघायला जातो, विसावा घ्यायला जातो, तेव्हा आपल्याला तिथवर वाहून कोण नेतं? आज तेवढ्याच एका प्रश्नाचा माग काढायचा आहे.

आधी जागा समजून घेऊ. माथेरान म्हणजे आपल्या कर्जत तालुक्यातला सुमारे ८०० मीटर उंचीचा डोंगर. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून तो थोडा बाजूला, एकटा उभा आहे. माथा सपाट, त्यावर दाट झाडी, आणि बहुतेक बाजूंनी तुटलेले कडे. पावसाळ्यात सकाळी ढग खाली उतरतात तेव्हा कर्जतहून किंवा चौकहून पाहिलं तर पायथा दिसेनासा होतो आणि वरचा माथा बेटासारखा तरंगत असतो. बेट हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. मोटारीने जायचं तर नेरळच्या बाजूने दस्तुरी नाक्यापर्यंत जाता येतं. तिथे गाडी ठेवायची, प्रवेशाची पावती फाडायची, आणि पुढे गावापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या छोट्या गाडीने जायचं. बेटावर होडी लागावी तसं हे आहे. नाक्याच्या अलीकडे एक जग, पलीकडे दुसरं. पलीकडे भोंगा नाही, धूर नाही, लाल माती आणि माकडं.

आता माझी स्वतःची एक आठवण सांगतो, कारण हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. आमचं घर कर्जत तालुक्यातलं. आमच्या गावात माथेरानबद्दल बोलताना दोन क्रियापदं असायची. मुंबईचे लोक माथेरानला "हवा खायला" यायचे. आमच्याकडचे लोक माथेरानला "कामाला" जायचे. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आई मोठ्या आजारातून उठली होती आणि डॉक्टरांनी हवापालट सांगितला होता. वडिलांनी कसेबसे पैसे जमवले, एका ओळखीच्यांच्या खोलीत चार दिवस राहायचं ठरलं. आईला चालवत नव्हतं म्हणून वडिलांनी हातरिक्षा केली. एक माणूस पुढे, दोन मागे. पुढच्या माणसाने तोंड वळवलं आणि आई एकदम ओशाळली. तो आमच्या गावाजवळच्या वाडीतला, उन्हाळ्याआधी आमच्याकडे लाकडाच्या मोळ्या घेऊन येणारा. आईने त्याला कितीदा ओटीवर चहा दिलेला. ती बसायलाच तयार होईना. तो हसला आणि म्हणाला, "बसा वहिनी. रिकामी गाडी जास्त जड लागते."

हे वाक्य मी साठ-पासष्ट वर्षं विसरलेलो नाही. त्या वयात मला ते गमतीचं वाटलं. पुढे अर्थ कळला तेव्हा त्यातली अडचणही कळली. बसावं तर माणसाने माणसाला ओढायचं. न बसावं तर त्याची चूल थंड. दोन्हींत आपण कुठेतरी चुकतो आहोत असं वाटतं, आणि नेमकं कुठे ते सांगता येत नाही. अशा वेळी इतिहासाकडे वळावं. ही दोनच दारं आपल्यासमोर कुणी ठेवली, हे तो सांगू शकतो.

माथेरानचा इतिहास पुस्तकांत साधारणपणे एका वाक्याने सुरू होतो. मे १८५०मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याने माथेरानचा "शोध लावला". तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. मॅलेटचा मुक्काम चौकला होता. चौक म्हणजे आजच्या खालापूर तालुक्यातलं गाव. तिथून तो वन ट्री हिलच्या बाजूने वर चढला, त्याला जागा आवडली, पुन्हा आला, वाटा साफ करून घेतल्या, घर बांधलं. पुढे लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० या काळातला मुंबईचा गव्हर्नर, याने या जागेत लक्ष घातलं आणि मुंबईच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचं, व्यापाऱ्यांचं हे उन्हाळी ठिकाण झालं. पॉइंटांना नावं पडली. लुईझा, अलेक्झांडर, पॅनोरमा, गारबट. तळ्याला शार्लट.

आता "शोध" या शब्दाकडे जरा थांबून बघा. ज्या डोंगरावर ठाकर, कातकरी आणि धनगर पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते, ज्याला त्यांनी माथ्यावरचं रान असं साधं, नेमकं नाव दिलं होतं, जिथे पिसरनाथाचं ठाणं होतं, त्याचा शोध कसा लागतो? वाट आधीच होती. साहेबाने ती शोधली नाही, ती वाट वापरणाऱ्यांच्या मागून तो चढला. पण मला या शब्दावर नुसती टीका करायची नाही. मॅलेटने एक गोष्ट खरोखर नवी केली. डोंगर हे बघायचं ठिकाण आहे, तिथे काही काम नसताना जायचं असतं, ही कल्पना त्याने आणली. धनगर माथ्यावर गुरं घेऊन जायचा, ठाकर मध, कंद, लाकूड आणायला. "पॉइंट" या कल्पनेची त्यांना गरज नव्हती. नुसतं उभं राहून दरी बघायची, हा उद्योग त्यासाठी मोकळा वेळ असलेल्या माणसाचा आहे.

१८७१मध्ये माथेरानवर एक इंग्रजी पुस्तक निघालं. लेखक डॉक्टर जे. वाय. स्मिथ. पुस्तकाच्या नावाचा अर्थ असा: माथेरानचा डोंगर, त्याची माणसं, वनस्पती आणि प्राणी. नाव वाचलं की पहिल्यांदा बरं वाटतं, माणसांना पहिलं स्थान दिलं म्हणून. दुसऱ्यांदा वाचलं की वेगळं काही दिसतं. माणसं, वनस्पती, प्राणी, एकाच रांगेत. पाहुण्याने वर जाऊन जे जे बघायचं, त्यात इथला माणूसही आला. बघणारा एका बाजूला, आणि डोंगर, झाड, वानर, ठाकर हे सगळे दुसऱ्या बाजूला. या पुस्तकाच्या लेखकाचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. कुतूहल होतंच. पण ज्याच्या खांद्यावर बसून आपण वर आलो, तो वर पोचल्यावर देखाव्याचा भाग होतो, हे ध्यानात ठेवा.

खांद्यावर बसून, हे मी अलंकारिक बोलत नाही. १८५६मध्ये कल्याणहून निघालेली आगगाडी नेरळ, कर्जत करत खोपोलीपर्यंत आली. म्हणजे मुंबईचा माणूस काही तासांत पायथ्याशी. पण पायथ्यापासून वर? तिथे पालखी, खुर्ची, तट्टू, आणि सामानासाठी डोक्यावरून ओझं नेणारे हमाल. आणि हे फक्त माथेरानपुरतं नव्हतं. बोरघाटातून रेल्वे १८६३मध्ये सुरू झाली. त्याआधी काही वर्षं असं होतं, की खोपोलीला गाडी संपायची, खंडाळ्याला दुसरी सुरू व्हायची, आणि मधला घाट उतारूंनी पालखीतून, तट्टावरून, बैलगाडीने ओलांडायचा. तो घाट पोखरायला एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर कामाला होते. पटकी आणि अपघात यांनी त्यातले हजारोंनी मेले. आपला कर्जत-खालापूरचा पट्टा मुंबई आणि घाटमाथा यांच्या मधली पायरी आहे. पायरीवर पाय पडतोच. वर जाणाऱ्याचं लक्ष मात्र वरच असतं.

मग १९०७ साल आलं. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या खटपटीने नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली. दोन फुटी रूळ, सुमारे २१ किलोमीटरचा नागमोडी मार्ग, सोळा लाखांच्या आसपास खर्च. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्थानकं तुम्हाला पाठ असतील. आपण या गाडीला कौतुकाने खेळण्यातली गाडी म्हणतो, मुलांना दाखवायला नेतो. मला तिचं मोल वेगळ्या कारणासाठी वाटतं. या डोंगरावर माणसाच्या खांद्यावरचं ओझं पहिल्यांदा कुणी मोठ्या प्रमाणावर कमी केलं असेल, तर या गाडीने. इंजिन चढ चढतं, माणसाला चढावं लागत नाही. पण ही गाडी नाजूक. दर पावसाळ्यात नेरळपासूनचा मार्ग बंद. २६ जुलै २००५च्या पावसात मार्ग उखडला तो २००७मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१६मध्ये डबे घसरले आणि पुन्हा खंड पडला. गाडी बंद पडली की ओझं जुन्या जागी परत येतं. खांद्यावर.

इथे एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. आपण त्यांना भाई कोतवाल म्हणतो. सेवा करणाऱ्यांच्या माथेरानमधला हा मुलगा. कायद्याचं शिक्षण घेतलं, माथेरानच्या नगरपालिकेत उपनगराध्यक्ष झाले, आणि त्यांची नजर पॉइंटवरून दिसणाऱ्या दरीवर नाही, तर त्या दरीतल्या वाड्यांवर गेली. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, शाळा काढल्या. १९४२मध्ये भूमिगत होऊन त्यांच्या दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. लक्षात घ्या, खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ सालचं. आपल्या घाटावरून पडणारं पाणी मुंबईच्या गिरण्या चालवत होतं, आणि तारांखालच्या वाड्यांत रात्री अंधार. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांच्याकडे आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणून बघतो, ते योग्यच आहे. पण माथेरानच्या इतिहासात त्यांची आणखी एक जागा आहे. इथला माणूस देखाव्याचा भाग नाही, तो या डोंगराचा धनी आहे, हे त्यांनी आपल्या आयुष्याने सांगितलं.

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो. थोडंच, घाबरू नका. ॲरिस्टॉटलने फुरसतीबद्दल फार गंभीरपणे लिहिलं आहे. ग्रीक भाषेत फुरसतीला जो शब्द होता, त्यातूनच पुढे "स्कूल" हा शब्द आला. माणूस नुसता राबत राहिला तर त्याला विचार करता येत नाही, चांगला नागरिक होता येत नाही. म्हणून फुरसत ही चैन नाही, ती माणूसपणाची गरज आहे, असं त्याचं म्हणणं. मला ते पूर्ण पटतं. हवापालटाने माझी आई बरी झाली. पण त्या फुरसतीचा खर्च कोण देणार? ॲरिस्टॉटलचं उत्तर होतं, गुलाम. इथे आपण त्याच्यापासून फारकत घेतो. मात्र त्याच ठिकाणी तो एक विलक्षण गोष्ट बोलून जातो. मागावरचा धोटा आपणहून विणू लागला, वीणा आपणहून वाजू लागली, तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही, अशा अर्थाचं ते विधान आहे. त्याला ती अशक्य कल्पना वाटत होती. आपल्या काळात धोटा आपणहून चालतो. तेव्हा आज आपण कुणाला ओढायला लावत असू, तर "दुसरा इलाजच नाही" ही सबब आपल्याला नाही. ॲरिस्टॉटलकडे निदान ती होती.

म्हणजे माथेरानला मोटारी सोडाव्यात का? नाही. अजिबात नाही. ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरचा परिसर केंद्र सरकारने पर्यावरण संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. गावात रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडून मोटारीला बंदी. ही बंदी नसती तर काय झालं असतं, ते बघायला लांब जायला नको. शनिवारी दुपारी लोणावळ्याला जा. ज्या डोंगरावर गाडी पोचली, तिथे गाडीच्या मागे गाडीतळ येतो, त्यामागे हॉटेल, त्यामागे डोंगरउतारावरची खोदाई. माथेरानची झाडी टिकली आहे ती या बंदीमुळे. या बंदीच्या बाजूने मी जन्मभर बोललो आहे, आणि आजही बोलतो.

जगात अशी ठिकाणं आहेत. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ फायर आयलंड नावाचं बेट आहे. किनाऱ्याला समांतर, वाळूच्या दांड्यासारखं पसरलेलं, सुमारे पन्नास किलोमीटर लांब, आणि रुंदी मात्र अगदी थोडी. समुद्राचा मार हे बेट आपल्या अंगावर घेतं आणि मागची जमीन राखतं. तिथेही एकेकाळी बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हमरस्ता काढायचा घाट घातला गेला होता. लोकांनी विरोध केला, आणि १९६४मध्ये तो किनारा राष्ट्रीय उद्यानासारखा राखीव झाला. बेटावरच्या बहुतेक वस्त्यांत आजही मोटार नाही. लोक बोटीने उतरतात. मग सामानाचं काय? तर धक्क्यावर छोट्या चारचाकी हातगाड्या असतात, मुलांच्या खेळण्यातल्या असाव्यात तशा. उतरलेला माणूस आपली पिशवी, आपलं पोर, आपला किराणा त्या गाडीत घालतो आणि स्वतः ओढत घरी नेतो. ते काही आदर्श समाजाचं बेट नाही. घरं श्रीमंतांची, आणि तिथेही कामाला सकाळच्या बोटीने माणसं येतातच. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. चाकावर बंदी दोन्हीकडे. तिथे पाहुणा आपलं ओझं आपण ओढतो. इथे पाहुणाच ओझं होऊन बसतो. फरक निसर्गाचा नाही, वाळूचा आणि जांभ्याचा नाही. आपल्याकडे माणूस ओढणं हे जात, गरिबी आणि सवय यांनी मिळून स्वस्त करून ठेवलं होतं. त्यामुळे पर्याय शोधायची निकड कुणाला वाटली नाही.

माथेरानमध्ये परवानाधारक हातरिक्षा चौऱ्याण्णव होत्या. चढाला एक ओढणारा, दोन ढकलणारे. उताराला तीच गाडी अंगावर येऊ नये म्हणून टाचा रोवून धरायची. या ओढणाऱ्यांनीच वर्षानुवर्षं मागणी केली, की आम्हाला ई-रिक्षा द्या. बॅटरीवर चालणारी, धूर न सोडणारी, आवाज न करणारी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२२मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सात ई-रिक्षा सुरू झाल्या, आणि शाळेतली मुलं, म्हातारी माणसं यांना फरक लगेच कळला. मग ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने आदेश दिला: माणसाने माणसाला ओढणारी हातरिक्षा ही अमानुष प्रथा आहे, ती माथेरानमध्ये सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा. गुजरातेत केवडियाला ई-रिक्षांची योजना आहे, तिचा अभ्यास करून ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा. पैसे नाहीत ही सबब सांगू नका. न्यायालयाने १९८०च्या पंजाबातल्या सायकलरिक्षावाल्यांच्या खटल्याची आठवण काढली आणि पंचेचाळीस वर्षांनंतरही ही प्रथा चालू असल्याबद्दल खंत व्यक्त केली. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत "व्यक्तीची प्रतिष्ठा" हे शब्द आहेत. ते शब्द दस्तुरीच्या चढाला पोचायला पाऊणशे वर्षं लागली.

या निकालात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एक मुद्दा. ई-रिक्षा कुणाच्या नावावर? न्यायालयाचा रोख असा, की त्या आधी खऱ्याखुऱ्या हातरिक्षा ओढणाऱ्यांना मिळाव्यात. आता पुन्हा माझ्या आईच्या रिक्षाकडे या. बसावं की न बसावं, हा प्रश्न आम्हाला सुटत नव्हता, कारण आम्ही तो बसणाऱ्याच्या बाजूने विचारत होतो. बसणाऱ्याची दया, बसणाऱ्याची लाज. ओढणाऱ्याने प्रश्न वेगळा विचारला. तो म्हणाला, माझं गिऱ्हाईक तोडू नका, माझं वाहन बदला, आणि ते माझ्या मालकीचं असू द्या. दोनच दारं आहेत असं आम्ही धरून चाललो होतो. तिसरं दार ज्याला घाम येत होता त्याला दिसलं. इतिहासात असं वारंवार होतं.

याला विरोध आहे, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. घोडेवाल्यांची शेकडो कुटुंबं घोड्यावर जगतात. ई-रिक्षा वाढल्या तर आमचं काय, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. दुसरी भीती पर्यावरणवाद्यांची. आज ई-रिक्षा, त्यासाठी पेव्हर ब्लॉक, उद्या त्या ब्लॉकवरून पाहुण्यांच्या मोटारी. ही भीतीही मला खरी वाटते. म्हणून आकड्यावर मर्यादा हवी, मालकी ओढणाऱ्यांकडेच राहायला हवी, ठेकेदाराकडे नको, आणि मोटारबंदीची रेघ दस्तुरीवरून एक पाऊलही आत सरकता कामा नये. पण भीती खरी आहे म्हणून त्या भीतीचा हप्ता ओढणाऱ्याच्या छातीतून वसूल करायचा, हे न्यायाचं नाही. झाडं राखायची तर तिचा खर्च आपण सगळ्यांनी मिळून द्यायचा. तिघांच्या फुप्फुसांवर तो टाकायचा नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो माथ्यावरचा नाही, पायथ्याचा आहे. माथेरानच्या आणि आजूबाजूच्या डोंगरांच्या कुशीत ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. कर्जत आणि खालापूर दोन्ही तालुक्यांत अशा कितीतरी वाड्यांना आजही धड रस्ता नाही. बाळंतीण अडली, सापाने दंश केला, की बांबूला चादर बांधून झोळी करायची आणि चार जणांनी खांदा देत खाली आणायचं. साहेबाची पालखी आणि ही झोळी, दोन्हींना दांडा एकच लागतो. खांदेही त्याच माणसांचे. पालखी वर जायची, झोळी खाली येते, एवढाच काय तो फरक.

तुम्हाला इर्शाळवाडी आठवत असेल. चौकच्या वर, इर्शाळगडाच्या पोटाशी ठाकरांची वाडी. मॅलेटचा तंबू १८५०मध्ये जिथे पडला, त्या चौकपासून ती अगदी जवळ. ट्रेकला जाणारी मुलं वाडीतून पुढे गडाच्या नेढ्याकडे जायची. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली आणि झोपलेली वाडी गाडली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. वर रस्ता नव्हता. पाऊस कोसळत होता, यंत्रं चढवता येईनात. मदतीला आलेली माणसं चिखलातून चालत वर गेली आणि कुदळ-फावड्यांनी उकरत राहिली. रस्ता असता तर दरड आली नसती, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटं होईल. मी एवढंच म्हणतो, की चाक नसणं ही एकच गोष्ट माथेरानच्या माथ्यावर आपण ठरवून, कायद्याने, आनंदासाठी राखतो. आणि तिथून नजरेच्या टप्प्यातल्या वाडीत तीच गोष्ट कुणीही न ठरवता माणसांच्या वाट्याला येते. वर तिला आपण शांतता म्हणतो. खाली तिला काय म्हणायचं?

म्हणून इतिहास लिहिताना, निसर्ग राखण्याची धोरणं करताना, आणि आपण साधं सहलीला जातानाही, हिशेब पूर्ण मांडावा असं माझं म्हणणं आहे. झाडं किती राखली, हे त्यात येऊ द्या. पाहुणे किती आले, येऊ द्या. आणि त्यांना कुणी वाहिलं, त्या माणसाचे गुडघे किती वर्षं टिकले, त्याच्या वाडीत रस्ता आणि पाणी पोचलं का, हे रकानेही त्याच वहीत असू द्या. निसर्ग आणि माणूस यांतलं एक निवडा, असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, ही निवड कुणासमोर ठेवली जाते आहे आणि ठेवणारा स्वतः कशात बसून आला आहे.

परवाच्या हिवाळ्यात मी नातवाला घेऊन माथेरानला गेलो होतो. गुडघे आता माझ्या आईच्या तेव्हाच्या गुडघ्यांसारखे झालेत. अमन लॉजहून छोट्या गाडीने गावात गेलो. गाडी सुटायला वेळ होता म्हणून बाकावर बसलो होतो, तेव्हा समोर एक हातरिक्षावाला टेकून उभा होता, साधारण पन्नाशीचा. नातवाने विचारलं, "काका, ही गाडी बंद झाली तर तुम्हाला वाईट वाटेल?" तो म्हणाला, "गाडीचं कशाला वाईट वाटेल बाळा? धंदा हातात राहिला म्हणजे झालं." मला साठ वर्षांपूर्वीचा तो दुसरा माणूस आठवला. दोघं एकच गोष्ट सांगत होते. आपण ऐकायला उशीर केला.

तुम्ही माथेरानला जरूर जा. शार्लट तळ्याकाठी बसा, पॅनोरमावरून सूर्योदय बघा. आणि चौक पॉइंटला गेलात, तर समोरच्या देखाव्यासोबत खाली, खालापूरच्या बाजूलाही जरा वेळ बघा. तिथे माणसं राहतात.

इथेच थांबतो.  प्रश्न असतील तर आता घेऊ. घोडेवाल्यांच्या बाजूने कुणी बोलणार असेल, तर त्यांना पहिली संधी देऊ या.